सर्व्हरचा नंदादीप

वडिलांनी नरसीच्या देवळात उभी हयात दिवाबत्ती केली. म्हणून घरी जुन्या कम्प्युटरचा सर्व्हर बसवला तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं त्यांना सांगितलं, "हा नंदादीप समजा. विझू द्यायचा नाही."

मे महिन्यात एका दुपारी घरी आलो तर लाइट गेलेली. वडील घामाघूम, हातात पुठ्ठा.

"इन्व्हर्टर आहे ना? पंखा काहून बंद केला तुमी?"

"ते इन्व्हर्टर बॅटरी उतरली म्हणून ओरडून राहिलं होतं. म्हटलं, तुझा दिवा विझंल."

त्या दिव्यात काय होतं? दोस्तांसोबत खेळायचा माझा गेम, बस्स.

"काय असतं रे त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसचं काम," मी निर्लज्जासारखं म्हणालो.

"मंग तापू नको देऊ," म्हणत ते उठले आणि पुठ्ठ्यानं सर्व्हरला वारा घालू लागले.