हॅट घातलेले जमादार

शिरोड्यात त्या काळी माणसं उन्हात डोक्याला पंचा गुंडाळत आणि पावसात इरलं घेत. हॅट घालणारा माणूस एकच, आणि तोही पोलिसातला जमादार. कामावर असताना खात्याची टोपी. काम संपलं की लेंगा, सदरा आणि करडी फेल्ट हॅट. सावंतवाडीच्या बाजारात कुणा मेलेल्या साहेबाच्या सामानातून त्यांनी ती उचलली होती. ते बाजारातून निघाले की मासे विकणाऱ्या बायका एकमेकींना म्हणत, "इलो गो, इंग्रज इलो." जमादारांना ते ऐकू जाई. ते हॅट कपाळावर जराशी ओढत आणि पुढे चालू लागत.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. त्यांची बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे संध्याकाळची पेज आम्ही एकत्रच जेवत असू. हॅटीच्या वेडाचं मूळ मला ठाऊक होतं. वेंगुर्ल्याला तंबूतला सिनेमा आला तेव्हा बंदोबस्ताला ह्यांना पाठवलं होतं. तंबू हलेपर्यंत एकच चित्रपट ह्यांनी रोज पाहिला. युद्धाच्या दिवसांतली मुंबई, दिव्यांना काळे कागद लावलेले, भिजलेले रस्ते, आणि एका खुनामागे लागलेले दोन पोलीस अधिकारी. त्यांचे कोट, त्यांच्या लांब सावल्या, काडी ओढताच क्षणभर उजळणारे त्यांचे चेहरे, ह्यांवर जमादार पेज थंड होईपर्यंत बोलत. "काळोख इतको देखणो आसता, ह्या माका म्हायत नाय होता, मास्तरांनू," असं ते म्हणत.

मी एकदा चिडवलं, "अहो, त्यात बहुतेक सगळे लबाड, आणि जो बरा तो मरतो. आवडण्यासारखं आहे काय त्यात?"

त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "शेवटाक कळता. वायट आसांदे, पण कळता. हय सगळ्या गावाक म्हायत आसता, नि कागदार येता काय, तर 'काय कळाक नाय'."

तेव्हापासून पुराव्याशिवाय बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पेज अळणी झाली म्हटलं तरी "पुरावो?" विचारत आणि स्वतः चाखून बघितल्यावरच मान्य करत. गावानं त्यांची टिंगल केली. मीही केली. माणूस मात्र सोन्यासारखा होता.

त्याच सुमारास भागी चौकीवर आली. ती मासे विकत असे. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि तिकडून होड्यांतून चोरून दारू येई, घड्याळं येत. भागीचा नवरा धाकट्या भावाला घेऊन असाच गेला होता. धाकटा एकटाच परत आला. "दादा थंयच उतरलो, मागसून येतलो," एवढंच तो सांगे. पावसाळा सरला. ना माणूस आला, ना मढं लागलं. भागीनं जमादारांना विचारलं, "माका इतक्यांच सांगा. कुंकू लावू की पुसू?"

गावातलं कुणी तोंड उघडेना. आपलेच दात, आपलेच ओठ. पण भागीपाशी एक उपाय होता. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं आणि दिराला देवळाच्या पायरीवर हात ठेवून बोलायला लावायचं. कोर्टात हसतहसत खोटं बोलणारी आमची माणसं त्या पायरीवर चळचळा कापत. दीर नक्की बोलला असता. दिवसही ठरला होता.

जमादारांनी तिला अडवलं. "देवळात बोललेला कोर्टात चलणा नाय, बाय. नि तो सावध जायत. माका जरा येळ दी. मी पुरावो आणतंय." सिनेमातले अधिकारी संशयिताला मोकळा सोडून त्याच्या मागावर राहिले होते. भागीनं ऐकलं. सरकारातल्या माणसानं तिला बसायला खुर्ची दिली होती, ती पहिल्यांदाच.

आणि जमादार पाळतीवर निघाले, हॅट घालून! माडांच्या बागेत, किनाऱ्यावर, दीर जाईल तिथे पन्नास पावलं मागे ती करडी हॅट. अख्खा गाव बघत होता. मी म्हटलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे. त्यांनी ऐकलं नाही. एका संध्याकाळी त्यांनी दिराला चौकीत बसवलं, कंदील त्याच्या तोंडासमोर धरला आणि हळू आवाजात प्रश्न विचारले. पोराला घाम फुटला. "उद्या सांगतंय," तो म्हणाला. जमादारांनी त्याला घरी सोडलं, आणि सकाळी त्याची होडी किनाऱ्यावर नव्हती. तो गोव्याच्या बाजूला पळाला, तो पुन्हा दिसला नाही. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. ती पायरीही गेली, कारण तिच्यावर हात ठेवायला आता कुणी उरलं नव्हतं.

गोवा मुक्त झाल्यावर जमादार रजा काढून तिकडे गावोगाव फिरले. दीर कुठल्याशा बोटीवर खलाशी म्हणून गेला, एवढंच कळलं. इकडे भागीचे हाल कुत्रा खाईना. सवाष्ण म्हणून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलवेना, आणि विधवा म्हणून कुणी जवळ घेऊन रडूही देईना. ती टोपली घेऊन चौकीवरून जाई तेव्हा जमादार आत वळत. त्या माणसाला मी वर्षानुवर्षं आतून कुजताना पाहिलं आणि मला काहीही करता आलं नाही.

मग त्यांची खारेपाटणला बदली झाली. एस. टी.च्या थांब्यावर भागी आली. कपाळावर कुंकू होतं.

"जमादारांनू, जाताना तेवढा सांगा. जित्तो आसा की मेलो?"

जमादारांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "मेलो गो बाय. थंय खाडयेत. त्याच दिसा."

"पुरावो?"

"आसा."

पुराव्यावाचून हा माणूस बोलत नाही, हे तिला माहीत होतं. ती तिथंच धुळीत बसली, पदरानं कपाळ पुसलं आणि इतक्या वर्षांचं रडणं मोठ्यानं बाहेर पडलं. बाजारातल्या बायका टोपल्या टाकून धावल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं.

जमादारांची ट्रंक द्यायला मी गाडीत चढलो. ते पलीकडच्या खिडकीला बसले होते. मला वाटलं, ह्यांना खरंच काही कळलंय. मी तसं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला.

"मास्तरांनू," ते म्हणाले, "आता तो जित्तो परत इलो तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. मला उतरावं लागलं.