हिलॅरियस व्याही

झाडीपट्टीच्या नाटकांत नायक दरसाल बदलतात, पण विनोदी भूमिकेला आमच्या गावचा मुखरूच लागतो. तो नुसता विंगेतून डोकावला तरी मंडपात हशा. बायकोची हाक ऐकली की धाडकन आडवं पडून हातपाय झाडायचे, हा त्याचा हातखंडा. मी त्याच्याच मंडळात पेटी वाजवतो. या कौतुकाने माणसाचं कसं वाटोळं झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच्या पोरीला, चंचलला बघायला गडचांदूरहून पाहुणे आले. मुलगा अतुल सिमेंट कारखान्यात नोकरीला, घर चांगलं. चंचलला मिरगी होती, फिट यायच्या; गोळ्या चालू होत्या. मुखरूने मला आधीच बजावलं होतं, "लपवाचं नाई भाऊ. पयले सांगाचं, मंग चहा." आणि त्याने सांगितलंही. हात जोडून म्हणाला, "पोरीले मिरगी येते जी."

पाहुण्यांनी त्याची नाटकं पाहिलेली; त्यांना ती नक्कलच वाटली, ते खो खो हसले. अतुलचे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता पडूनई दाखवा!"

इथेच माती खाल्ली गड्याने. समोरचे हसले की याच्या अंगात येतं, जन्माची सवय. चटईवर आडवा झाला, डोळे फिरवले, टाचा घासल्या. चंचल पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होती. अतुल डोळे पुसत म्हणाला, "मामाजी, तुम्ही त हिलॅरियस आहा!"

पाहुणे गेल्यावर मुखरूने पोरीलाच अर्थ विचारला. चंचल बारावी शिकलेली. म्हणाली, "साध्या गमतीले फनी म्हणतात बाबा. हसून हसून पोट दुखलं, डोळ्यांत पाणी आलं, का मंग हिलॅरियस. गोष्टीलेई म्हणतात, माणसालेई." झालं, गडी भलताच खूश. ज्याला त्याला तो शब्द ऐकवत फिरला. पुन्हा एकदा नीट सांगून ये, असं मी म्हटलं तर म्हणाला, "सांगतलं ना भाऊ, सगळ्यांदेखत."

लग्न झालं. महिनाही झाला नसेल, चंचल सासरी स्वयंपाक करताना पडली. सासऱ्याने तिला पिशवीसकट माहेरी आणून सोडलं. अतुलने साधा फोनही केला नाही.

"फसवलं तुम्ही आमाले," सासरे म्हणाले.

"सांगतलं होतं जी मी!" मुखरू रडत ओरडला, तेव्हा अंगणातल्या गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

चंचलने बापाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, तिथे ती येऊन बापाजवळ टेकली.

"बाबा, मिरगी आली का मले काईच समजत नाई, म्हणून इचारतो," ती म्हणाली. "पाहुण्यांपुढं तुम्ही करून दाखवलं, तशीच दिसतो का मी?"