तळ्याचा काळा गाळ आणि बाबांची सफाई

इंदूरच्या पलासिया चौकातलं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत निघालो. मी, बाबा म्हणजे माझे सासरे, आणि आइसबॉक्स. माझ्या पीएचडीचं सगळं घोडं चिखलावर अडलं होतं. झालंय असं की तळ्यात आलेला पारा तळाशी बसतो. तिथल्या हवा नसलेल्या गाळातले काही जिवाणू त्याचं भयंकर विष बनवतात आणि ते माशांत साठत जातं. आमच्याकडच्या तळ्यातही हे घडतं का, ते मला दाखवायचं होतं. प्रयोगशाळेत माझी पाळी दुसऱ्या दिवसापासून होती. ती हुकली की वर्ष गेलं!

खंडवा रोडने जाणार असाल तर सिमरोलच्या आधीच पोहे-जलेबी उरका. घाटात ट्रक अडले की पोटात कावळे ओरडतात. शेवटचा रस्ता कच्चा आहे, आणि नावेचं भाडं बसायच्या आधीच ठरवा.

"मॅडम, लोग मछली ले जाते हैं, आप कीचड़?" नाववाले कैलाशजी हसले. पण गाळ झकास निघाला. बांबूला बांधलेली नळी तळात खुपसायची आणि पाण्याखालीच बूच लावायचं, कारण हवा लागली की ते जिवाणू संपले. भरलेल्या नळ्या बाबांजवळ ठेवून मी टपरीवर चहा सांगायला गेले.

परत येते तर बाबा हापशावर. सगळ्या नळ्या चकाचक धुऊन उन्हात मांडलेल्या!

"अगं, सडक्या अंड्यासारखा वास येत होता. आपण इंदूरवाले, गाडीत गंदगी कशी नेणार?"

"बाबा, ती गंदगीच माझी डिग्री होती!" मी रडकुंडीला आले. खरं सांगते, त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "भिया, नाव वापस निकालो. आणि बेटा, तू फक्त सांग कसं भरायचं."

कैलाशजी जेवायला निघाले होते, तरी वळले. बाबा नावेत पालथे पडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून बुचं लावत होते. एक नळी तर त्यांनीच नापास केली. "यात बुडबुडा आहे. परत!" येताना गाडी मी चालवली, आइसबॉक्स त्यांच्या मांडीवर. वाटेत शिकंजी प्यायलाही ते उतरले नाहीत.

काही आठवड्यांनी निकाल आला. अर्धा गाळ जिवंत ठेवला होता, अर्ध्यातले जिवाणू उकळून मारले होते. दोन्हीत पारा घातला. विष बनलं ते फक्त जिवंत गाळात! मी लॅबमध्येच नाचले, आणि घरी येऊन बाबांना मिठीच मारली.

"म्हणजे चोर सापडला?"

"सापडला! आता तिथले मासे तपासायचे, आणि हे थांबवता येतं का ते शोधायचं."

गाडीला अजून तो वास येतो. येऊ दे! त्या तळ्यावरून मी काय आणलं असेल, तर माझ्या कामात माझ्याइतकाच जीव अडकलेला एक माणूस.

"मग?" बाबांनी किल्ली उचललीही होती. "गाडी काढू?"