प्रार्थनेच्या वेळेत टॅम्राचं नाव

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं ते एएम रेडिओ केंद्र देवाने काढलं, असं डेलमर गॅबर्ड माइकवरून सांगायचा. खरं तर ते त्याच्या बापाने जुन्या मोटारी खपवायला काढलं होतं. पुढे तरुण मंडळी एफएमकडे पळाली, जाहिराती आटल्या, आणि एका उन्हाळ्यात डेलमरला अचानक साक्षात्कार झाला. गाणी भक्तीची झाली, पाद्री वेळ विकत घेऊन आरडाओरडा करू लागले, आणि डेलमरचा 'ब्रदर डेलमर' झाला. सूट मात्र तोच, मोटारी विकण्याचा.

वर्नेल स्टिडम हे सगळं काचेपलीकडून बघत आली होती. तबकड्या लावायच्या, फोन घ्यायचे, कोण वारलं ते वाचायचं, आणि सकाळी प्रार्थनेच्या विनंत्या. चहाड्या करायला गावाला याहून सोवळी जागा मिळाली नसती. "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती परत त्या मोटेलपाशी दिसली." सांगणारीचा गळा दाटलेला, ऐकणाऱ्यांचे कान टवकारलेले. वर्नेल तेही गोड आवाजात वाचायची. पोट होतं ना.

त्या सोमवारी फोन आला तो तिच्या नणंदेचा, आयसीचा.

"तुझ्या टॅम्रासाठी वाच गं. गोळ्यांचं व्यसन सुटावं म्हणून."

"सुटलंय ते, आयसी. आजपासून शाळेच्या स्वयंपाकघरात लागलीय ती. तिथे हाच रेडिओ चालू असतो."

"मग बरंच की! सगळ्याजणी मिळून प्रार्थना करतील."

"आणि दुपारपर्यंत तिला हाकलतील."

"प्रार्थनेची कसली आलीय लाज? मी मेली पोरीच्या भल्यासाठीच सांगतेय."

डेलमरने दुसऱ्या फोनवरून सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे पाणावले. खपणारा माल दिसला की ते पाणावायचेच.

"नावासकट वाच, वर्नेल. आईच्या तोंडून! लोक ढसाढसा रडतील."

माइक सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. वर्नेलने माइक जवळ ओढला.

"आज एक न बोललेली विनंती आहे," ती म्हणाली.

चर्चमध्ये ज्याला आपलं दुखणं उघडं करायचं नसे, तो एवढंच म्हणे. मग पुढे विचारायची कुणाला सोय नसे. डेलमर काचेआड लालबुंद झाला. तिने गाणं लावून टाकलं.

फोन खणखणू लागले.

"बँकेतल्या लूथरची बायको ना गं ती?"

"मला नाही सांगितलंस तरी चालेल, पण पाद्रीबाबांचा धाकटा का?"

त्या एका न बोललेल्या पापात अर्धं गाव बसवून झालं. इतके फोन ऐकून डेलमरचा राग विरघळला. "रोज एक असंच घेत जाऊ," तो हात चोळत म्हणाला.

पुढचा फोन टॅम्राचा होता.

"आई, कुणाचं गं ते? इथे सगळ्याजणी पिठाचे हात धरून प्रार्थना करताहेत. मलाही ओढलंय मध्ये."

वर्नेलने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मला काय माहीत? तूही कर. आणि फोन ठेव आधी, पहिल्याच दिवशी बोलणी खाशील."