लाल पेन्सिल आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र

कुणी आपल्या घराचा नंबर एक्केचाळीस सांगितला, की पाळकसाहेबांचं डोकं आधी एक्केचाळिसाव्या स्तोत्राकडे जायचं आणि मग त्या घराकडे. "माझं वय विचारलंत तर हे स्तोत्राचा क्रमांक सांगतील," असं पाळकीणबाई चर्चच्या मंडळीतल्या बायकांना सांगत. दर रविवारच्या प्रवचनाला बायबलातलं एक स्तोत्र, ओळीनं, असा त्यांचा नेम होता. दीडशे स्तोत्रं संपायला तीन वर्षं लागत. अशा नऊ फेऱ्या झाल्या होत्या, दहावी निम्म्यावर आली होती, आणि महिनाअखेर साहेब निवृत्त होणार होते.

नेमात लबाडी म्हणाल तर एकच. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र ते कधी एकटं घेत नसत. ते रडगाणं अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही. लोक आधीच आठवडाभर गांजून येतात, त्यांना तसंच घरी कसं पाठवायचं? म्हणून साहेब त्याच रविवारी एकोणनव्वदावं जोडत आणि मंडळीला उजेडात आणून सोडत. पाळकीणबाई त्याला ठिगळ म्हणायच्या.

शिष्य घडवणं हे त्यांचं दुसरं वेड. मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बारा घडीच्या खुर्च्या मांडल्या जात. वर्षाअखेर प्रत्येक शिष्यानं आपलं स्वतःचं स्तोत्र लिहून आणायचं. हवं तेवढं रडा, पण शेवटी वळण घेऊन स्तुतीवर या, हा नियम. पाववाल्यानं भट्टीवर लिहिलं होतं, त्यात तीन वळणं होती. साहेबांनी ते वर्गात दोनदा वाचून दाखवलं. ज्याचं वळण राहील त्याच्या कागदावर लाल पेन्सिल फिरायची.

घड्याळवाला हा त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य. बोलणं कमी, ऐकणं जास्त. चर्चच्या भिंतीवरच्या घड्याळाला दर शनिवारी तोच किल्ली द्यायचा. सहा वर्षांपूर्वी त्याची नऊ वर्षांची मुलगी तापानं गेली. त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी तो वर्गाला आला आणि त्यानं आपला कागद दिला. साहेबांनी तो तपासून परत केला. घड्याळवाल्यानं शेरा वाचला, कागदाची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि निघून गेला. पुन्हा काही आला नाही.

"येईल, दुःख ओसरलं की येईल," साहेब म्हणाले. नंतर एकदा वर्गात म्हणाले, "विश्वासात जरा कच्चा निघाला." त्याच्याकडे जायचं मात्र राहूनच गेलं. पुढं पुढं तर ते त्याच्या दुकानावरून जायचं टाळायला टपालकचेरीला वळसा घालून जाऊ लागले. इकडे चर्चचं घड्याळ दहा वीसला जे थांबलं ते थांबलंच. मग साहेबांच्या प्रवचनाला धरबंध उरला नाही. घड्याळवाला सोडून गेल्याचं दुःख मंडळीलाही कमी नव्हतं.

निवृत्तीआधी कपाट आवरताना, तेव्हा खुर्चीवरून उचलून ठेवलेला तो कागद सापडला. साहेब उभ्या उभ्याच वाचू लागले.

"देवा, मी रोज दहा बंद घड्याळं चालू करतो. तुला एक पोर चालू ठेवता आली नाही. हाक मारतो, तू ओ देत नाहीस. दुकानात सगळी टिकटिक चालते आणि मला ती सहन होत नाही."

खाली लाल अक्षरात साहेबांचा शेरा होता. वळण राहिलं. पूर्ण करून आणा.

पाळकीणबाई चहा घेऊन आल्या तेव्हा साहेब कागदावर खोडरबर घासत बसले होते.

"काय खोडताय?"

"अठ्ठ्याऐंशीवंच लिहिलं होतं गं त्यानं. मी त्याला नापास केलं."

बाईंनी कागद वाचला. नेहमीचा टोमणा त्यांच्या तोंडून निघाला नाही. "खोडत बसू नका," त्या म्हणाल्या. "तसाच घेऊन जा."

साहेब गेले तेव्हा दुकान होतं तेवढंच होतं, घड्याळवाला मात्र केसांनी पिकला होता. डोळ्याचं भिंग न काढता त्यानं कागद घेतला.

"खोडलंय वाटतं."

"हो."

"भिंगातून दिसतं सगळं."

साहेबांनी अठ्ठावीस वर्षांत दीडेक हजार प्रवचनं दिली असतील, पण इथं एक धड वाक्य जुळेना. "चुकलं माझं," ते म्हणाले. "स्तोत्र पुरं होतं. तुम्ही परत या, एवढंच सांगायला आलोय. माझा शेवटचा रविवार आहे."

घड्याळवाल्यानं हातातला काटा बशीत ठेवला. "साहेब, तेव्हा मला कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं. त्या मंगळवारी तुम्ही नुसते बसला असतात तरी चाललं असतं. आता सवय गेली."

साहेब उठले. दारापर्यंत आल्यावर मागून आवाज आला.

"ते भिंतीवरचं अजून बंदच आहे?"

"दहा वीसला."

"पाठवून द्या. मी नाही यायचा. घड्याळ पाठवा."

शेवटच्या रविवारी भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरं वर्तुळ तेवढं होतं. क्रमानं त्रेसष्टावं यायचं, पण साहेबांनी अठ्ठ्याऐंशीवं उघडलं. शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. मंडळी एकोणनव्वदाव्याची पानं काढून बसली होती. साहेब म्हणाले, "आज एवढंच. हे इथंच संपतं," आणि ते खाली येऊन पहिल्या बाकावर बसले. पाववाल्यानं सवयीनं भिंतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बाहेर पडताना मागच्या बाकावर बसणारी शिवणकामवाली म्हातारी दाराशी थांबली. नवरा गेल्यापासून ती प्रार्थनेत कधी तोंड उघडत नसे.

"साहेब, असं बोललेलं देवाला चालतं?"

"चालतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

तिच्या मागं रांग खोळंबली होती. साहेब तिचा हात हातात धरून उभे राहिले.