सावलीने बोलायचं नसतं

मी एकतीस डॉक्टरांना मेल केली होती. अठरा जणांनी उत्तरच दिलं नाही, बाकीच्यांनी एकच लिहिलं, पेशंटच्या खासगीपणाचा प्रश्न आहे, क्षमस्व. जूनमध्ये मेडिकल कॉलेजचे फॉर्म सुरू होणार, आणि 'डॉक्टरांच्या मागे सावलीसारखं किती तास फिरलात' या रकान्यात माझं शून्य. मार्क होते, प्रवेश परीक्षाही बरी गेली होती. पण कॉलेजच्या सल्लागार बाईंनी विचारलं, "कोरिन, डॉक्टरला काम करताना कधी पाहिलंयस?" मी म्हटलं, "हो, मला ताप आला होता तेव्हा." त्या हसल्या नाहीत.

बत्तिसाव्यांदा मी सरळ फोन लावला. लिंडेन नावाच्या खेड्यातला दवाखाना, आमच्या गावापासून चाळीस मैल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता मका. फोन डार्लाने उचलला. त्या दवाखान्यात फोन घेणं, ब्लडप्रेशर बघणं, रक्त काढणं, सगळं डार्लाच करते. रिसीव्हरवर हातसुद्धा न ठेवता ती ओरडली, "डॉक्टर, अजून एक सावली आलीये. घ्यायची का?"

आतून आवाज आला, "जेवणाचा डबा घेऊन ये म्हणावं."

मी गाडीत बसून रडले. आनंदानेच.

डॉक्टर लीलंड कुचेरा. वय सदुसष्ट, उंच, खांद्यात वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम जिभा बघायच्या लाकडी पट्ट्या. त्यांनी पहिल्या दिवशी तीन नियम सांगितले. फोन गाडीत. खोलीत तोंड बंद. आणि गुडघे ताठ ठेवून उभं राहायचं नाही. "मागच्या वर्षीचा पोरगा तसा उभा राहिला आणि चक्कर येऊन माझ्या कचऱ्याच्या डब्यात पडला. पेशंट राहिला बाजूला, मी त्यालाच टाके घातले."

प्रत्येक दारावर ते आधी टकटक करायचे, एकटे आत जायचे आणि विचारायचे, "आज माझ्याबरोबर कॉलेजची एक मुलगी आहे. आत आली तर चालेल? नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही." लोक नाही म्हणायचेही. मग मी बाहेर उभी राहून डोळे तपासायचा तक्ता वाचत बसायचे. तो उलटा पाठ झाला माझा.

दुपारी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर आम्ही डबा खायचो. मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांनाच 'हो' का म्हणता? बाकी कुणी म्हणत नाही."

"कारण मला कुणी म्हटलं नव्हतं." त्यांनी सँडविचमधली काकडी काढून डार्लाच्या डब्यात टाकली. "म्हणजे मी विचारलंच नव्हतं. माझा बाप धान्याच्या कोठारावर कामाला. डॉक्टर आम्ही फक्त लांबून पाहिलेला. मला सर्जन व्हायचं होतं, का तर ऐकायला भारी वाटायचं. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा ऑपरेशनला उभा राहिलो. सहा तास. पेशंट झोपलेला. एक शब्द बोलत नाही माणूस! मला वेड लागायची पाळी आली. कॉलेज सोडलं, दोन वर्षं बापाबरोबर पोती उचलली. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरने मला महिनाभर घरोघरी मागे फिरवलं, तेव्हा कळलं, अरे, हेही डॉक्टरचंच काम आहे की. तो महिना आधी मिळाला असता तर पाठ वाचली असती."

"आत्तापर्यंत किती सावल्या झाल्या?"

"तेवीस. नऊ डॉक्टर झाले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे चौदा वाचले," डार्ला म्हणाली. "त्यातला एक वेल्डिंग करतो. नाताळला सॉसेज पाठवतो. डॉक्टर झालेले नऊ कार्डसुद्धा पाठवत नाहीत."

आता माझा घोळ. चौथ्या आठवड्यात बर्निस होलुब आल्या, वय अठ्याहत्तर. आत जायच्या आधी बाहेरच्या खुर्चीवर त्यांनी माझ्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. ॲपल पाय भाजायची पद्धत, नातवाचं लग्न, आणि सहज बोलता बोलता, "प्रेशरची गोळी मी अर्धी मोडते बाई. अर्धी माझ्या बहिणीला, अल्माला. तिला पण हाच त्रास, पण ती दवाखान्याची पायरी चढत नाही. वीस वर्षं झाली."

मग आम्ही आत. प्रेशर एकशे अठ्याहत्तर. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना, बर्निस?" त्या म्हणाल्या, "न चुकता." डॉक्टर म्हणाले, "मग डोस वाढवावा लागेल." पेन उचललं.

तोंड बंद, तोंड बंद, तोंड बंद. आणि माझ्या तोंडातून निघालंच, "त्या अर्धी गोळी बहिणीला देतात!"

बर्निस माझ्याकडे वळल्या. "मी ते तुला सांगितलं होतं, पोरी. त्यांना नाही."

"कोरिन, बाहेर," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी गाडीत जाऊन बसले. संपलं सगळं. फॉर्मसाठी डॉक्टर देणार होते ते शिफारसपत्र गेलं, वर्ष गेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे वाटायला लागलं की माझ्यासारख्या चोंबड्या पोरीने डॉक्टर व्हायचंच कशाला. आज एक म्हातारी, उद्या अजून कुणी, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

डॉक्टर बाहेर आले. काच खाली करायची खूण केली.

"तू सांगितलंस ते बरोबर होतं. मी डोस दुप्पट करणार होतो, आणि तिने एखाद्या दिवशी अख्खी गोळी घेतली असती तर ती स्वयंपाकघरात आडवी झाली असती."

"म्हणजे मी..."

"थांब. बरोबर होतं, पण ते सांगणं तुझं काम नव्हतं. मला दाराबाहेर बोलवायचंस. नाहीतर तिलाच म्हणायचंस, बर्निस, तुम्ही सांगता का? एवढंच. आता जा, तिचं घर चर्चच्या मागे आहे. माफी माग. पत्राचं नंतर बघू."

मी गेले. बर्निसनी जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच ऐकून घेतलं. मी काय बोलले आठवत नाही, खूप बोलले, नाक गळत होतं. त्या शेवटी म्हणाल्या, "मलाही खोटं बोलायला नको होतं म्हणा." मग मागून दुसरा आवाज आला, "हीच का ती तोंडाळ?" अल्मा. बर्निसपेक्षा बुटकी, हातात पिठाचा चमचा.

"हो," मी म्हटलं.

"तुझ्या त्या डॉक्टरला सांग, त्याला माझं प्रेशर बघायचंच असेल तर इकडे यावं. मी तिकडे येणार नाही."

शनिवारी ते गेले. मी पण. अल्माने त्यांना विचारलं, "ही का आली?" डॉक्टर म्हणाले, "विचारतोच आहे. हिने आत यावं का? नाही म्हणालात तर अंगणात उभी राहील." अल्माने मला दोन मिनिटं अंगणात उभं केलं, मुद्दाम, आणि मग हाक मारली. प्रेशर एकशे बासष्ट. आता तिच्या नावाची गोळ्यांची वेगळी बाटली आहे आणि बर्निस अख्खी गोळी घेतात. पंधरा दिवसांनी बर्निसचं एकशे चौतीस होतं. डोस वाढवावाच लागला नाही! मला कॉरिडॉरमध्ये उड्या मारायच्या होत्या. नाही मारल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी पत्र पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं. असं कुणी करत नाही. त्यात सगळं होतं. 'हिने माझ्या खोलीत पेशंटने विश्वासाने सांगितलेली गोष्ट फोडली. ती घाईने बोलते. त्याच दुपारी ती एकटी त्या घरी गेली आणि दारात उभी राहिली. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत तिने चार वेळा मला दाराबाहेर बोलावलं, आणि चारही वेळा कारण होतं.' शेवटची ओळ, 'माझं प्रेशर मी हिच्याकडून बघून घेईन.'

"हे फोडलं वगैरे काढू का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं मी हो म्हणेन. खरंच. पण त्यांना माझं सगळ्यात वाईट माहीत होतं आणि तरी त्यांनी सही केली होती.

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

त्यांनी चष्मा वर केला, संगणकाच्या पडद्याकडे संशयाने पाहिलं. "डार्ला! हे कुठे दाबायचं?"

डार्ला आली, त्यांना खुर्चीतून उठवलं, दोनदा क्लिक केलं.

"गेलं," ती म्हणाली. "आता दोन नंबरच्या खोलीत बाळ रडतंय, चला दोघं."