साडभाऊंची अक्षत

रायपुरात मराठी लग्न जुळायला पत्रिका लागते आणि पार पडायला आमचे मोठे साडभाऊ लागतात, असं मी आता बेधडक सांगतो. आधी सांगत नसे, कारण तेव्हा मी इव्हेंट प्लॅनर होतो. म्हणजे अजूनही आहे, फक्त छाती पूर्वीइतकी फुगत नाही.

साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. चौबे कॉलोनीत घर, एक जुनी स्कूटर आणि खिशात कायम सुपारी, सुतळी, सेफ्टी पिना. कुणी बोलावो न बोलावो, लग्नघरी आठ दिवस आधी हजर. मंडपाचा खांब हलवून पाहणार, आचाऱ्याच्या वरणावर मत देणार आणि कोणत्या आत्याला कोणत्या काकूशेजारी बसवायचं नाही, हे तोंडपाठ सांगणार. मी हसायचो. माझ्याकडे लॅपटॉपवर मिनिटामिनिटाचा तक्ता ना! एकदा मोठ्या रुबाबात त्यांना ड्रोन दाखवला, तर शांतपणे म्हणाले, "हा पंगतीत वाढते का?"

मग माझ्याच मुलीचं लग्न निघालं आणि मी चेकाळलोच. फिकट रंगांची थीम, पंडरीच्या कापडबाजारातून तागेच्या तागे, नवरीच्या एन्ट्रीला धूर. गिऱ्हाईक कुणाच्या तरी लग्नाची रील दाखवून "अगदी असंच, पण वेगळं" मागतं, हा आमच्या धंद्यातला रोजचा ताप. इथे गिऱ्हाईकही मीच आणि तापही मीच. निमंत्रणं झाडून सगळ्यांना फोनवर गेली, सनईसकट. घरोघरी अक्षत नेऊन देशील ना, एवढंच साडभाऊंनी विचारलं. आजकाल लोकेशन पाठवतात, असं मी त्यांना शिकवलं.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला पाऊण तास उरला, आणि नवरीला बोहल्यावर आणणारा मामाच नाही. मामा म्हणजे माझा मेहुणा, राहणार सदर बाजार. फोन केला तर त्याची बायको म्हणाली, ते घरीच बसलेत. हातावर कुंकवाचे तांदूळ ठेवून कुणी 'या' म्हटलं नाही, म्हणून येत नाहीत. पोरगी शालू नेसून रडत होती, मामाशिवाय मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणत होती. माझ्या तक्त्यात मामासाठी दोन मिनिटं होती, रुसव्यासाठी एकही नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

साडभाऊंनी स्कूटरला किक मारली. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना मामाला मागे बसवून परत आले. मामाने भाचीचा हात धरला, दोघंही रडतरडत हसले, आणि धूर सोडायचं सगळेच विसरले.

पंगतीत मी मामाला विचारलं, साडभाऊंनी अशी काय जादू केली?

"ते म्हणाले, मले तरी कुठं देल्ली अक्षत? मी तं आठ दिवसांपासून राबून राहिलो."

खरंच की, त्यांनाही मी फोनवरच उरकलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत अक्षता घेऊन चौबे कॉलोनीत गेलो. साडभाऊ बनियनवर दारात उभे होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं, आत गेले, सदरा आणि टोपी घालून बाहेर आले आणि दोन्ही हात पुढे केले.

"साडभाऊ, पोरीचं लग्न आहे. सहकुटुंब या."

"केव्हा आहे?"

"काल."

त्यांनी अक्षता कपाळाला लावल्या आणि सुपारीच्या खिशात जपून ठेवल्या.

"हव," ते म्हणाले, "येतो ना."